उजवीकडून येणारा

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून दिलं आहे.)



संयोजकांनी फोन केला तेव्हा मला विषय सुचवला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपलं भवितव्य'. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणजे मला भवितव्य ठाऊक असणार, असा आपल्याकडे समज आहे. मी हात जोडले. पण गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपवर तिघांनी मला एकच प्रश्न विचारलाय. मुलगा फ्रान्सला चाललाय, मुलगी चाललीये, काय काळजी घ्यायची ते सांग. तिघांनाही मी गरम कपडे आणि प्रेशर कुकर सांगून मोकळी झाले. जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही. आज माईक हातात आहे, तर सांगून टाकते. त्यात रग्बी आहे, त्यामुळे आपले पीटीचे सर तरी जागे राहतील.

२०१५ च्या जानेवारीत मी, नवरा आणि आमची सहा वर्षांची लेक तुलूजला राहायला गेलो. फ्रान्सच्या नैऋत्येला, गारोन नदीच्या काठी हे शहर आहे. तांबूस विटांच्या इमारतींमुळे त्याला 'गुलाबी शहर' म्हणतात. एअरबसचं मुख्य ठाणं तिथंच, त्यामुळे विमानांशी संबंधित सॉफ्टवेअर लिहिणारी आपली माणसं तिथं बरीच सापडतात. मी विमानांचं शहर म्हणून गेले आणि आठवडाभरात कळलं की हे रग्बीचं शहर आहे. भाजीवाला, लेकीच्या शाळेतल्या बाई, ऑफिसातले साहेब, सोमवारी सकाळी सगळ्यांच्या तोंडी शनिवारची मॅच. स्टाद तुलूझाँ हा तिथला क्लब १९०७ सालचा. फ्रान्सचं विजेतेपद म्हणजे ब्रेनस नावाची एक लाकडी ढाल. ती सगळ्यात जास्त वेळा याच क्लबनं जिंकली आहे. जिंकले की ढाल कापितोलच्या चौकात आणतात आणि मग त्या रात्री शहरात कुणी झोपत नाही.

रग्बी म्हणजे काय हे मला लेकीनं समजावलं. चेंडू लंबगोल. हातानं पास द्यायचा तर मागेच द्यायचा, पुढे नाही. चेंडू ज्याच्या हातात त्याला सगळ्यांनी मिळून आडवा करायचा. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याला साखळी करून धरतात ना, तेच चिखलात, ऐंशी मिनिटं, आणि प्रत्येक जण आपल्या दीडपट वजनाचा.

आता या खेळाचा आणि गाडी चालवण्याचा संबंध सांगते. फ्रान्सच्या क्लबांमधून परदेशी खेळाडू भरपूर खेळतात, अगदी लहान गावांच्या क्लबांतूनसुद्धा. ते येतात न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, इंग्लंड, आयर्लंड, फिजी, टोंगा, सामोआ इथून. या यादीत एक गंमत आहे. हे सगळे देश आपल्यासारखे डावीकडून गाडी चालवतात. सामोआत तर २००९ पर्यंत उजवीकडून चालवत होते. त्या वर्षी सप्टेंबरमधल्या एका सकाळी अख्खा देश डाव्या बाजूला आला, कारण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या जुन्या गाड्या स्वस्तात आणायच्या होत्या. अर्जेंटिना, जॉर्जिया, इटली सोडले तर रग्बी खेळणारं जग हे बहुतेक डावीकडून चालणारं जग आहे. म्हणजे हे सहा-सहा फुटी गडी आणि पाच फुटी मी, फ्रान्सच्या रस्त्यावर आम्हा सगळ्यांचा हात एकाच चुकीच्या बाजूला जायचा. वळायचं म्हणून सिग्नल द्यावा तर वायपर सुरू व्हायचा.

डावं-उजवं हा मात्र खरा अडसर नाही. दोन आठवड्यांत ते अंगवळणी पडतं. अडसर आहे पाटीवर न लिहिलेल्या गोष्टींचा.

एक साधी गोष्ट बघा. फ्रान्समध्ये गाव सुरू होतं तिथं गावाच्या नावाची पाटी असते. पांढरी, लाल किनारीची. आपण म्हणतो, छान, गाव आलं. प्रत्यक्षात त्या पाटीचा अर्थ असा की इथून पुढे वेग ५०. त्यावर ५० असं कुठंही लिहिलेलं नसतं. गाव संपलं की तीच पाटी, नावावर तिरकी लाल रेघ मारलेली. म्हणजे ५० संपले. हा अर्थ तिथल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतो, म्हणून कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट हॉर्नची. गावात हॉर्न वाजवायला बंदी आहे, अपघात टाळायचा असेल तरच वाजवायचा. पुण्यात बारा वर्षं गाडी चालवलेल्या बाईनं हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे हातवारे न करता भांडण्यासारखं आहे.

आणि तिसरी, 'प्रिओरिते आ द्र्वात'. उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, रस्त्यावर पांढरी रेघ नाही, तर उजव्या हाताच्या रस्त्यावरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुमचा रस्ता रुंद आणि त्याची गल्ली अरुंद असली तरीही. तो थांबणार नाही, तुमच्याकडे बघणारही नाही. कारण तुम्ही थांबणार हे त्याला माहीत आहे. पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली तर हक्क तुमचा. गोल चौकात मात्र उलट, आत फिरत असलेल्याचा हक्क आधी. आणि पॅरिसच्या विजयकमानीभोवतीच्या गोल चौकात पुन्हा उलट, तिथं आत शिरणाऱ्याचा हक्क. आपल्या गणिताच्या सरांनी असा नियम शिकवला असता तर आपण मोर्चा काढला असता.

२०१५ च्या सप्टेंबरात एका गल्लीतून एक म्हातारे गृहस्थ छोट्या रेनॉमधून उजवीकडून आले आणि माझ्या गाडीचं पुढचं दार आत गेलं. कुणाला लागलं नाही. मी रागानं उतरले. मोठ्या रस्त्यावर होते मी! त्यांनी शांतपणे टोपी नीट केली, डिकी उघडली आणि एक छापील फॉर्म काढला. त्याला 'कोंस्ता आमियाब्ल' म्हणतात, सामोपचाराचा पंचनामा म्हणा. पोलीस नाहीत, गर्दी नाही, 'तुला दिसत नाही का' नाही. दोघांनी मिळून एकाच कागदावर भरायचा. डावीकडे गाडी 'अ' चा निळा रकाना, उजवीकडे 'ब' चा पिवळा. मधोमध १७ चौकटी. पार्क केलेली होती, वळत होतो, मागे घेत होतो, अशा. आपल्याला लागू असेल तिथं फुली मारायची, खाली फुल्यांची संख्या लिहायची, रस्त्याचं चित्र काढायचं, दोघांनी सह्या करायच्या. कागद वेगळे केले की पुढे एक अक्षर बदलता येत नाही. आजोबांनी सोळाव्या चौकटीत फुली मारली, 'चौकात उजवीकडून येत होतो'. मला काही कळलं नाही, मी सही केली. पाच दिवसांच्या आत कागद विमा कंपनीकडे गेला आणि निकाल लागला, चूक शंभर टक्के माझी. एक फुली, बास. आयुष्यभर मी 'हो किंवा नाही' अशा चौकटींचे प्रोग्राम लिहिलेत, पण एवढा निर्दयपणे स्वच्छ मी कधी लिहिला नाही. विम्यानं आजोबांची गाडी दुरुस्त करून दिली, माझा हप्ता वाढला. हे लक्षात ठेवा, त्या दिवशी माझं पहिलं वर्ष अजून संपलेलं नव्हतं. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

हा किस्सा मी सोमवार संध्याकाळच्या फ्रेंचच्या वर्गात सांगितला. वर्ग नवख्या परदेशी लोकांचा, बाई कडक. मागच्या बाकावर, त्या बाकात न मावणारा एक मुलगा बसायचा, तो पोट धरून हसला. बाविशीचा, फिजीचा, लौतोकाच्या बाजूचा. तुलूजपासून पस्तीसेक किलोमीटरवरच्या एका गावाच्या क्लबानं त्याला त्याच शरद ऋतूत करारावर आणलं होतं. वर्ग सुटल्यावर तो माझ्याकडे आला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "दीदी, हमारा भी ऐसा ही हुआ." मी उडालेच. फिजीच्या उसाच्या मळ्यांवर १८७९ पासून इंग्रजांनी हजारो हिंदी मजूर नेले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांबरोबर हा शाळेत शिकलेला. स्वतः मूळ फिजीचा, पण हिंदी कामापुरती येई. दीदी या शब्दाला मी कशी विरघळले ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसापासून त्याच्या फ्रेंच कागदपत्रांची वाचक मी.

खेळाडूंबद्दल आपल्याला वाटतं तसं त्यांचं आयुष्य नसतं. मोठ्या क्लबातल्या नावाजलेल्यांचं असेल. याला घर क्लबानं दिलेलं, गाडी क्लबाच्या प्रायोजकाची, दारांवर क्लबचं नाव रंगवलेलं. बँकेचं खातं सेक्रेटरीनं उघडून दिलेलं. सगळं दुसऱ्यानं करून दिलेलं असलं की एक तोटा होतो. आपल्या नावावर काय आहे आणि काय नाही, हे माणसाला कळत नाही.

२०१६ च्या शरदात त्यानं मला विचारलं, "दीदी, मेरा लायसन ठीक है ना? सेक्रेटरी बोलता है एक साल का कुछ है."

मी त्याला काय सांगितलं ते जसंच्या तसं सांगते. मी म्हटलं, "अरे, ते एक वर्ष आंतरराष्ट्रीय परवान्याचं असतं. संपला की घरून नवा मागवायचा. मीसुद्धा मागच्या डिसेंबरात सुट्टीला गेले तेव्हा आरटीओतून नवा काढून आणला. अजून कुणी विचारलेलं नाही."

हे साफ चूक होतं. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे आपल्या परवान्याचं भाषांतर, त्याहून जास्त काही नाही. युरोपाबाहेरून येऊन तिथं स्थायिक झालेल्या माणसाला स्वतःच्या देशाच्या परवान्यावर फक्त पहिलं एक वर्ष गाडी चालवता येते. ते वर्ष मोजायचं तिथं राहायला लागल्यापासून. ज्या देशांशी फ्रान्सचा करार आहे, त्यांच्या लोकांनी त्या वर्षाच्या आत अर्ज करून परवाना बदलून घ्यायचा. करार नसेल तर पहिल्यापासून परीक्षा द्यायची. भारताशी असा करार नाही. वर्ष उलटलं की तुमचं लायसन्स फ्रान्सच्या दृष्टीनं कागदाचा तुकडा, आणि तुम्ही विनापरवाना चालक. तो दंडाचा मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे. कायद्यात त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि १५ हजार युरोपर्यंत दंड लिहिला आहे. अपघात झालाच तर विमा कंपनी समोरच्याला पैसे देते आणि मग ते तुमच्याकडून वसूल करते. माझा आजोबांशी झालेला अपघात चार-पाच महिने उशिरा झाला असता तर आज मी हे भाषण जरा वेगळ्या आवाजात केलं असतं. मी चौदा महिने लेकीला मागे बसवून असं फिरले.

आणि मला दुसरी संधीही मिळाली होती. ती जास्त बोचते. २०१७ च्या फेब्रुवारीत क्लबाच्या पत्त्यावर रडारचं पत्र आलं. रस्त्याकडेच्या पेटीनं फोटो काढलेला. वेग ५७, त्यातून यंत्राची सूट ५ वजा, धरलेला वेग ५२. दोन किलोमीटरसाठी दंड. ती नावाची पाटी, आठवतेय ना? लवकर भरला तर ९० युरो, वेळेत १३५, विसरलात तर ३७५. त्याच जानेवारीपासून नवा कायदा लागू झाला होता की गाडी संस्थेच्या नावावर असेल तर ४५ दिवसांत संस्थेनं चालक कोण होता हे कळवायचं. सेक्रेटरीनं फॉर्म त्याच्या हातात दिला, त्यानं तो माझ्यासमोर ठेवला. मी नाव भरलं, जन्मतारीख भरली, परवान्याचा क्रमांक भरला, परवाना कुठल्या देशाचा तेही भरलं. फॉर्म हे का विचारतोय असा प्रश्न मला पडला नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना रकाना दिसला की भरायची खोड असते.

त्याच महिन्यात सगळ्या देशात डॅन कार्टरची बातमी गाजत होती. ज्यांना रग्बी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा न्यूझीलंडचा खेळाडू म्हणजे त्यांचा तेंडुलकर. २०१५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा मानकरी. नंतर पॅरिसच्या रासिंग ९२ कडे आला, पहिल्याच हंगामात त्यांना फ्रान्सचं विजेतेपद मिळवून दिलं. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये पोलिसांनी रात्री त्याची गाडी थांबवली आणि दारूचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त निघालं. त्यानं जाहीर माफी मागितली, कारणं सांगत बसला नाही. ज्या मोटार कंपनीचा तो चेहरा होता तिनं त्याच्याशी संबंध तोडले. रग्बीत सामन्यानंतरच्या पिण्याला 'तिसरा हाफ' म्हणतात, आणि तो जवळजवळ धर्माचा भाग असतो. फ्रान्सची मर्यादा एक लिटर रक्तात अर्धा ग्रॅम. इंग्लंडात ती पाऊण ग्रॅमहून जास्त, ०.८. न्यूझीलंडातही २०१४ च्या डिसेंबरपर्यंत तेवढीच होती. म्हणजे घरी 'दोन घेतले तर चालतं' असा हिशेब ज्याच्या अंगात मुरला तो इथं फसतो. फ्रान्समध्ये ०.८ म्हणजे थेट फौजदारी. (आपल्याकडची मर्यादा ०.३ आहे, या सगळ्यांत कडक. इथं बसलेल्या काही जणांनी रात्रीच्या कार्यक्रमाआधी हा आकडा लिहून घ्यावा.) फ्रेंचांनी तर २०१२ मध्ये प्रत्येक गाडीत श्वास तपासायचं यंत्र ठेवायची सक्ती केली, आणि न ठेवल्यास शिक्षाच ठेवली नाही. २०२० मध्ये सक्ती काढून टाकली. हे वाचल्यावर मला ते लोक फार जवळचे वाटले.

कार्टरची बातमी वाचून आमचा मुलगा म्हणाला, "दीदी, मैं तो पीता ही नहीं." खरं होतं. रविवारी चर्च, सामन्यानंतर लिंबाचं सरबत.

मार्चमधल्या एका रविवारी संध्याकाळी, त्याच्या गावाबाहेरच्या गोल चौकात गाड्या तपासणं चालू होतं. त्यानं यंत्रात फुंकर मारली, शून्य. हवालदार हसला, शनिवारच्या सामन्याबद्दल दोन शब्द बोलला, तिसऱ्या वाक्यात परवाना मागितला. त्यानं फिजीचा परवाना आणि घरून मागवलेला, दोन महिन्यांपूर्वीचा कोरा आंतरराष्ट्रीय परवाना आदबीनं पुढे केला. त्यांनी त्याचं निवासपत्र पाहिलं, तारखा जुळवल्या. गाडी तिथंच थांबवली. त्यानं मला फोन केला आणि हवालदाराच्या हातात दिला. मी फ्रेंचमध्ये सांगायला लागले की आंतरराष्ट्रीय परवाना नवा आहे. पलीकडून अगदी सभ्य आवाजात उत्तर आलं, "मादाम, हे भाषांतर आहे. मूळ कुठे आहे?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. गाडीची किल्ली ओट्यावर होती. ती मी उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि नंतर वर्षभर तिला हात लावला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लांबत गेलं. कोर्टाचा दंडाचा कागद पोस्टानं आला, तो त्यानं हप्त्यांनी भरला. प्रायोजकानं गाडी परत नेली. क्लबानं अधूनमधून सोबत्यांच्या गाड्यांतून सोय केली, पण सराव आठवड्यातून चार दिवस आणि मैदान त्याच्या घरापासून नऊ किलोमीटर. त्यानं जुनी सायकल घेतली. अंधार पडल्यावर गावाबाहेर सायकल चालवायची तर चमकणारं पिवळं जाकीट घालावं लागतं. ते त्याच्या खांद्यांना पुरेना, म्हणून मी दोन जाकिटं उसवून एक शिवून दिलं. माझ्याकडून झालेली भरपाई एवढीच. २०१८ मध्ये त्याचा करार वाढवला नाही. गुडघाही कुरकुरत होता, आणि कारण कुणी सांगत नसतं. तो मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं वर्षाच्या आत अर्ज केला असता तर त्याला निदान एक अधिकृत उत्तर मिळालं असतं. त्याऐवजी त्याला माझं मिळालं.

घरी मी नवऱ्याला म्हटलं की कायदा अन्यायकारक आहे, दारू पिऊन चालवणारा माफी मागून खेळत राहतो आणि सरबत पिणाऱ्याची गाडी जाते. नवरा म्हणाला, "दार कुणाचं चेपलं होतं?" मग मी गप्प बसले. दुसऱ्या देशाचा परवाना घेऊन येणाऱ्याला ते वर्षानंतर परीक्षा द्यायला लावतात, कारण तो माझ्यासारखा रागानं गाडीतून उतरतो.

म्हणून मी सदतिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वर्गात सगळी अठरा वर्षांची पोरं. लेखी परीक्षेत ४० प्रश्न, ३५ बरोबर हवेत. बहुतेक प्रश्न म्हणजे चालकाच्या जागेवरून काढलेला फोटो. 'मी आधी जाऊ का? हो, नाही.' पहिल्यांदा माझे ३३ आले. बाई, दहावीच्या गणितातसुद्धा मी इतकी रडले नव्हते. दुसऱ्यांदा ३८. प्रत्यक्ष परीक्षेत नापास झाले, कारण 'स्टॉप'च्या पाटीशी माझी चाकं पूर्ण थांबली नाहीत, गोगलगायीसारखी सरकत राहिली. परीक्षक काही बोलत नाही, दोन दिवसांनी संगणकावर निकाल. पुन्हा तारीख मिळायला महिने लागतात. सराव करून घेणारे माझे शिक्षक म्हणायचे, "मादाम, तुम्ही उत्तम चालवता, पण दुसऱ्या कुठल्यातरी देशात."

ते आणखी एक गोष्ट घोकून घ्यायचे. पिवळं जाकीट डिकीत ठेवायचं नाही, हाताशी ठेवायचं. २००८ मध्ये हा नियम आला तेव्हा कार्ल लागरफेल्ड या फॅशनवाल्याला सुटावर ते जाकीट घालून जाहिरातीत उभं केलं होतं, आणि दहा वर्षांनी लोकांनी तेच घालून सरकारविरुद्ध रस्ते अडवले. पण जाकीट कशासाठी ते मला आमच्या मुलानं सांगितलं. २०१५ च्या जूनमध्ये बेझियेजवळ महामार्गावर थांबलेल्या एका गाडीला बसची धडक बसली. त्यात न्यूझीलंडचा खेळाडू जेरी कॉलिन्स आणि त्याची जोडीदार गेले, तान्ही मुलगी वाचली. कॉलिन्स जन्मानं सामोआचा, तेव्हा तिकडच्याच नारबॉनकडून खेळत होता. त्या अपघाताचा दोष कुणाला द्यायचा म्हणून मी हे सांगत नाही. संघाची बस त्या रस्त्यावरून जाते तेव्हा पॅसिफिकची सगळी पोरं गाणं थांबवतात, एवढंच तो म्हणाला होता.

एप्रिल २०१८ मध्ये मी पास झाले. नवख्या चालकाला गाडीच्या मागे 'ए' हे लाल अक्षर लावावं लागतं, तीन वर्षं. बारा गुणांऐवजी सहाच गुण मिळतात, महामार्गावर १३० ऐवजी ११० नं जायचं. लेक शाळेत सगळ्यांना सांगायची, माझी आई शिकाऊ आहे.

जूनमध्ये त्याला विमानतळावर सोडायला मीच गेले. एवढं मोठं सामान, आणि त्यावर बांधलेलं ते शिवलेलं पिवळं जाकीट. म्हटलं, हे कशाला नेतोस, तिकडे काय उपयोग? म्हणाला, माँ को दिखाना है. ब्लान्याकच्या जवळ एक वस्ती लागते, झाडी फार, पाट्या कमी. मी आपली बोलत होते. गुडघ्याला दाखव, फोन करत जा, असलं काहीतरी.

तो एकदम म्हणाला, "दीदी, दायें."

मी ब्रेक दाबला. उजवीकडच्या गल्लीतून एक म्हातारे गृहस्थ छोट्या गाडीतून बाहेर आले आणि आमच्याकडे न बघता वळून निघून गेले.